टर्ब्युलन्स मॉडेलसाठी सुरुवातीच्या किमती कशा द्यायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्ब्युलन्स मॉडेल म्हणजे संगणकावर प्रवाह सोडवताना त्यातल्या भोवऱ्यांचा (टर्ब्युलन्सचा) परिणाम अंदाजाने धरणारी समीकरणं. इथली उत्तरं मुख्यतः के-एप्सिलॉन, के-ओमेगा एसएसटी आणि स्पॅलार्ट-ऑलमारस या तीन मॉडेलांना धरून आहेत. त्यांत के म्हणजे वेगाच्या चढउतारांतली ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती विरण्याचा दर आणि ओमेगा म्हणजे त्या दराचं के शी प्रमाण. फाइलींचे उल्लेख ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरचे आहेत, पण गणित कुठल्याही सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) लागू पडतं. सगळी एककं मीटर, सेकंद, किलोग्रॅममध्ये. हवेची व्हिस्कॉसिटी (कायनेमॅटिक) ०.००००१५ मी²/से आणि पाण्याची ०.०००००१ मी²/से धरली आहे.

सुरुवातीची किंमत आणि इनलेटची (प्रवाह आत येतो त्या कडेची) किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ओपनफोमच्या शून्य नावाच्या फोल्डरमध्ये दोन्ही एकाच फाइलीत लिहायच्या असल्याने त्या एकच वाटतात. "इंटर्नल फील्ड" म्हणजे पहिल्या आवर्तनाआधी मेशच्या (भूमितीचे तुकडे पाडून केलेल्या जाळ्याच्या) प्रत्येक सेलमध्ये भरलेला आकडा. "बाउंडरी फील्ड" म्हणजे कडांवर शेवटपर्यंत लागू राहणारी अट. स्थिर प्रवाहाच्या रनमध्ये पहिला आकडा हळूहळू पुसला जातो. दुसरा उत्तरात कायम राहतो. म्हणून वेळ कमी असेल तर आधी इनलेटच्या आकड्यांवर डोकं लावा आणि तेच आकडे आतही भरा. बहुतेक साध्या भूमितींमध्ये एवढं पुरतं.

स्थिर उत्तरच काढायचं आहे. मग आत काहीही भरलं तरी चालेल ना?

नाही. चुकीच्या सुरुवातीने तीन प्रकारे नुकसान होतं.

पहिला प्रकार सगळ्यांना दिसतो: रन दहा-वीस आवर्तनांत फुटतो, म्हणजे आकडे बेसुमार वाढून बंद पडतो.

दुसरा प्रकार जास्त धोकादायक, कारण रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान खाली येतात. एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांमुळे वाढल्यासारखी भासणारी व्हिस्कॉसिटी) फारच कमी ठेवून सुरुवात केली की मॉडेल "जागं" होत नाही. भिंतीलगतचा थर लॅमिनारच (भोवऱ्यांविना, शांत) राहतो आणि तेच उत्तर स्थिरावतं. स्पॅलार्ट-ऑलमारसमध्ये न्यू-टिल्डा (त्या मॉडेलचा एकमेव चल) सगळीकडे शून्य हे समीकरणाचं एक वैध उत्तरच आहे, त्यामुळे शून्यापासून निघालात तर शून्यावरच राहाल. एसएसटीमध्येही सपाट पृष्ठभागाच्या पुढच्या भागात असा खोटा लॅमिनार पट्टा राहू शकतो. घर्षण गुणांक अपेक्षेपेक्षा कमी आला तर पहिला संशय यावर घ्या.

तिसरा प्रकार: काही प्रवाहांना एकापेक्षा जास्त स्थिर उत्तरं असतात. स्टॉलच्या (कोन फार वाढून उचल कोसळण्याच्या) जवळ गेलेला पंख किंवा रुंद कोनाचा डिफ्यूझर (पुढे रुंद होत जाणारी नळी) ही त्याची ठळक उदाहरणं. तिथे प्रवाह भिंतीला चिकटलेल्या स्थितीतून निघालात तर एक उत्तर येतं आणि सुटलेल्या स्थितीतून निघालात तर दुसरं. अशा वेळी कोन एकेक अंशाने वाढवत नेऊन प्रत्येक रन आधीच्या कोनाच्या उत्तरापासून सुरू करा. मग उलट दिशेने कोन कमी करत या आणि दोन्ही वक्र शेजारी मांडा. अहवालात दिशा लिहिली नाही तर तो आकडा दुसऱ्या कुणाला पुन्हा काढता येणार नाही.

के किती ठेवायचं?

के = १.५ × (वेग × तीव्रता)²

तीव्रता, म्हणजे वेगाचे चढउतार भागिले सरासरी वेग, अपूर्णांकात घालायची: ५ टक्के म्हणजे ०.०५. इथे ५ घातलं तर के दहा हजार पटींनी वाढतं. ही चूक दिसते त्यापेक्षा बरीच जास्त होते.

तीव्रता कुठून आणायची? मोजमाप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पूर्ण विकसित पाइप-प्रवाहासाठी

तीव्रता = ०.१६ × (रेनॉल्ड्स अंक)^(−१/८)

हे सूत्र पुरेसं आहे. त्यातला रेनॉल्ड्स अंक (वेग × लांबी ÷ व्हिस्कॉसिटी) पाइपच्या व्यासावर काढलेला हवा. चांगल्या विंड टनेलमध्ये तीव्रता ०.१ टक्क्याच्याही खाली असते. पाइप आणि डक्टमध्ये ३ ते ६ टक्के धरतात. पंख्याच्या किंवा टर्बाइनच्या पात्यांमागे १० टक्के, कधी त्याहून जास्त. काहीच माहिती नसेल तर ५ टक्के घालण्याची पद्धत आहे. आतल्या प्रवाहांना ती बऱ्यापैकी चालते, विमानाच्या पंखाला मात्र अजिबात नाही.

आणि एप्सिलॉन किंवा ओमेगा?

त्यासाठी लेंग्थ स्केल लागतो, म्हणजे ऊर्जा वाहणाऱ्या मोठ्या भोवऱ्यांच्या आकाराचा अंदाज. मॉडेलमधला सी-म्यू हा स्थिरांक ०.०९.

एप्सिलॉन = ०.१६४३ × के^१.५ ÷ लेंग्थ स्केल
ओमेगा = के^०.५ ÷ (०.५४७७ × लेंग्थ स्केल)

यातला ०.१६४३ म्हणजे सी-म्यूचा पाऊण घात आणि ०.५४७७ म्हणजे पाव घात. ही दोन सूत्रं एकमेकांशी जुळलेली आहेत का हे एका ओळीत तपासता येतं: एप्सिलॉन = ०.०९ × के × ओमेगा. जुळलं नाही तर कुठेतरी घात चुकला आहे.

लेंग्थ स्केल पूर्ण विकसित पाइपमध्ये व्यासाच्या ०.०७ पट, चौकोनी डक्टमध्ये हायड्रॉलिक व्यासाच्या (४ × छेदाचं क्षेत्रफळ ÷ परिमिती) ०.०७ पट. जाळीदार पडद्यामागे किंवा छिद्रांच्या पत्र्यामागे मात्र डक्टचा व्यास विसरा. तिथे भोवऱ्यांचा आकार छिद्राच्या आकाराने ठरतो. नॉझलमधून जेट सोडताना नॉझलचा व्यास घ्या, ज्या टाकीत जेट पडतो तिचा नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट करून दाखवाल का?

१०० मिमी व्यासाच्या पाइपमधून २ मी/से वेगाने पाणी वाहतं आहे.

रेनॉल्ड्स अंक = २ × ०.१ ÷ ०.०००००१ = २,००,०००.
तीव्रता = ०.१६ × २,००,०००^(−०.१२५) = ०.०३४८, म्हणजे साधारण ३.५ टक्के.
के = १.५ × (२ × ०.०३४८)² = ०.००७२७ मी²/से².
लेंग्थ स्केल = ०.०७ × ०.१ = ०.००७ मी.
एप्सिलॉन = ०.०१४५ मी²/से³.
ओमेगा = २२.२ प्रति सेकंद.
एडी व्हिस्कॉसिटी = के ÷ ओमेगा = ०.०००३२७ मी²/से.

आता शेवटचा आकडा पाण्याच्या व्हिस्कॉसिटीने भागा: ३२७ येतात. या गुणोत्तराला इथून पुढे आपण "व्हिस्कॉसिटीचं गुणोत्तर" म्हणू. रन सुरू करण्याआधी तपासायचा एकच आकडा निवडायचा असेल तर हा निवडा. के ०.००७ बरोबर की चूक हे नुसतं बघून सांगता येत नाही, पण पाइपमध्ये गुणोत्तर ३२७ आलं तर ठीक आणि ३ लाख आलं तर गडबड, हे कुणालाही सांगता येतं.

गुणोत्तर किती असलं की योग्य म्हणायचं?

खुल्या हवेतला स्वच्छ प्रवाह, म्हणजे पंख किंवा विंड टनेलमधलं मॉडेल: १ च्या आसपास किंवा कमी, फार तर १०. पाइप, डक्ट, पंप यांतला आतला प्रवाह: काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत, आणि रेनॉल्ड्स अंक वाढला की तेही वाढतं. वातावरणातला वारा: लाखांच्या घरात. तिथे लेंग्थ स्केल मीटरांत असतो, त्यामुळे दचकू नका.

गुणोत्तर फार मोठं ठेवलंत तर हवा काकवीसारखी घट्ट वागते. वेगाचे उतार पुसले जातात, प्रवाह भिंतीपासून सुटायचा तिथे सुटत नाही, दाबाचा तोटा भलताच येतो. हे वाईट उत्तर फुटत नाही, उलट फार सुखाने स्थिरावतं. गुणोत्तर फार लहान ठेवलंत तर के लगेच विझतं आणि वर सांगितलेला खोटा लॅमिनार प्रवाह मिळतो.

के = १ आणि एप्सिलॉन = १ असे ठोकळ आकडे भरून निघणाऱ्यांनी हे गणित करून पाहावं. एडी व्हिस्कॉसिटी = ०.०९ × १ ÷ १ = ०.०९. हवेसाठी गुणोत्तर ६,०००, पाण्यासाठी ९०,०००. फाइल तीच, आकडे तेच, पण हवेऐवजी पाणी आलं की सुरुवात पंधरा पटींनी बिघडते.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आकडे आणले, तर उत्तर का बदललं?

लेंग्थ स्केलची व्याख्या सगळीकडे एक नाही. काही ठिकाणी वरचं सूत्र, म्हणजे ०.१६४३ चा गुणक, वापरतात. काही ठिकाणी एप्सिलॉन = के^१.५ ÷ लेंग्थ स्केल असं थेट लिहितात आणि लेंग्थ स्केल हायड्रॉलिक व्यासाच्या ०.३ पट घेतात. पहिल्या पद्धतीत व्यासाच्या हिशेबाने गुणक २.३५ पडतो, दुसऱ्यात ३.३३. एवढा फरक सहन होतो. पण एका पद्धतीचा लेंग्थ स्केल उचलून दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात घातला तर एप्सिलॉन थेट सहा पटींनी चुकतं. त्यामुळे लेंग्थ स्केल कॉपी करू नका. के आणि एप्सिलॉनच्या तयार किमती, किंवा तीव्रता आणि व्हिस्कॉसिटीचं गुणोत्तर, या जोड्या कॉपी करा. त्यांचा अर्थ सगळीकडे एकच असतो.

इनलेटला ५ टक्के तीव्रता दिली, पण वस्तूपाशी १ टक्काही उरत नाही. असं का?

कारण इनलेट आणि वस्तू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत टर्ब्युलन्स निर्माण करणारं काही नसतं, फक्त ऱ्हास चालू असतो. के-ओमेगा एसएसटीसाठी हा ऱ्हास हातानेच काढता येतो:

ओमेगा (नंतरचा) = ओमेगा (इनलेट) ÷ (१ + ०.०८२८ × ओमेगा (इनलेट) × वेळ)
के (नंतरचं) = के (इनलेट) × (१ + ०.०८२८ × ओमेगा (इनलेट) × वेळ)^(−१.०८७)

वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. १.०८७ हा घात ०.०९ ÷ ०.०८२८ यातून येतो.

हवेचा वेग १० मी/से, तीव्रता ५ टक्के, गुणोत्तर १० घेऊ. के = ०.३७५, ओमेगा = ०.३७५ ÷ ०.०००१५ = २,५००. एक मीटर पुढे, म्हणजे ०.१ सेकंदाने, कंसातली किंमत २१.७ होते. के उरतं ०.०१३२ आणि तीव्रता ०.९४ टक्के. एका मीटरमध्ये ५ टक्क्यांचा १ टक्कासुद्धा राहिला नाही. तीव्रता तीच ठेवून गुणोत्तर १०० केलं तर ओमेगा २५० होतो आणि त्याच ठिकाणी २.७ टक्के उरतात. के तेच, पण ओमेगा ठरवतो की ते किती लांब पोचणार. म्हणूनच "तीव्रता ५ टक्के दिली" एवढंच लिहिलेला अहवाल अपुरा आहे.

उलट दिशेनेही जाता येतं, आणि खरं तर तसंच जायला हवं. आधी वस्तूपाशी काय हवं ते ठरवा, मग इनलेटची किंमत काढा:

ओमेगा (इनलेट) = ओमेगा (वस्तूपाशी) ÷ (१ − ०.०८२८ × ओमेगा (वस्तूपाशी) × वेळ)

वेग २० मी/से, इनलेटपासून पंख २ मीटरवर, पंखापाशी तीव्रता १ टक्का हवी. तिथे के = ०.०६. गुणोत्तर १० धरलं तर ओमेगा ४००, आणि छेदातली वजाबाकी १ − ३.३१ म्हणजे ऋण. अर्थ सरळ आहे: एवढ्या अंतरावर एवढी तीव्रता आणि एवढं कमी गुणोत्तर दोन्ही एकत्र मिळूच शकत नाहीत. इथे गुणोत्तर किमान ३३ च्या वर हवं. १०० घेतलं तर पंखापाशी ओमेगा ४०, इनलेटला ५९.८, आणि के त्याच प्रमाणात मागे नेलं की ०.०९३, म्हणजे इनलेटची तीव्रता १.२४ टक्के. हे आकडे भरा आणि रननंतर पंखाच्या थोडं पुढे एका बिंदूवर के वाचून पडताळा. गुणोत्तर फार वाढवावं लागत असेल तर इनलेट जवळ आणण्याचा विचार करा. तेही जमत नसेल तर समीकरणात ऱ्हास भरून काढणारी पदं घालतात. ओपनफोमच्या ईएसआय शाखेत एसएसटीसाठी "डिके कंट्रोल" हा पर्याय त्याच कामासाठी आहे.

विमानाच्या पंखासाठी दूरच्या सीमेवर नेमकं काय लिहायचं?

एसएसटीसाठी प्रचलित मर्यादा अशा: ओमेगा हा वेग ÷ लांबी याच्या १ ते १० पटींत, आणि के हे वेगाचा वर्ग ÷ रेनॉल्ड्स अंक याच्या ०.००००१ ते ०.१ पटींत. १ मीटर कॉर्ड (पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी) आणि ५० मी/से वेग असेल तर ओमेगा ५० ते ५०० आणि के कमाल ०.००००७५. स्पॅलार्ट आणि रम्सी यांनी २००७ मध्ये पंखाभोवतीच्या प्रवाहासाठी के = वेगाच्या वर्गाचा दहा लाखावा भाग आणि ओमेगा = ५ × वेग ÷ कॉर्ड अशी जोडी सुचवली. याच उदाहरणात ती के = ०.००२५, ओमेगा = २५० अशी येते. तीव्रता ०.०८ टक्के, गुणोत्तर ०.६७. ही जोडी पंखाच्या आसपासची आहे. सीमा शंभर कॉर्ड लांब असेल तर तिथपासून इथपर्यंतच्या ऱ्हासाचा हिशेब वरच्यासारखाच करावा लागतो.

स्पॅलार्ट-ऑलमारससाठी न्यू-टिल्डा ही हवेच्या व्हिस्कॉसिटीच्या ३ ते ५ पट ठेवा. सीमेवरही आणि आतही. लक्षात घ्या, न्यू-टिल्डा म्हणजे एडी व्हिस्कॉसिटी नव्हे. ३ पटींना गुणोत्तर ०.२१ पडतं आणि ५ पटींना १.२९. ओपनफोममध्ये दोन वेगळ्या फाइली असतात त्या याचसाठी. दोन्हींत तोच आकडा चिकटवणं बरोबर नाही.

भिंतीवर काय भरायचं?

वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर मेशने न सोडवता सूत्राने धरणारी अट) वापरत असाल तर के साठी "केक्यूआर वॉल फंक्शन" (प्रत्यक्षात शून्य ग्रेडियंटची, म्हणजे भिंतीला लंब दिशेत किंमत न बदलण्याची अट), एप्सिलॉन आणि ओमेगासाठी त्यांची त्यांची वॉल फंक्शनं, आणि एडी व्हिस्कॉसिटीसाठी "न्यूटी-के वॉल फंक्शन". तिथे लिहावी लागणारी "व्हॅल्यू" ही जागा भरण्यापुरती असते. सॉल्व्हर ती पहिल्याच आवर्तनात बदलतो. इनलेटवर एडी व्हिस्कॉसिटीला "कॅल्क्युलेटेड" लिहिलं असेल तर तिथला शून्यही तसाच.

मेश भिंतीपर्यंत बारीक असेल (वाय-प्लस, म्हणजे पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर, १ च्या आसपास) तर भिंतीवर के शून्य, व्यवहारात ०.०००००००००१ सारखी अगदी छोटी किंमत. ओमेगा मात्र भिंतीजवळ प्रचंड वाढतो: ६ × व्हिस्कॉसिटी ÷ (०.०७५ × अंतराचा वर्ग). हवेत पहिल्या सेलचं केंद्र भिंतीपासून ०.०१ मिमीवर असेल तर ओमेगा १,२०,००,००० येतो. आत २५० आणि भिंतीला एक कोटी वीस लाख हे पाहून अनेक जण आकडा चुकला समजून तो कमी करतात. कमी करू नका, मॉडेलला तो तसाच हवा असतो.

के शून्य ठेवून रन सुरू केला की "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" येऊन बंद पडतो.

एप्सिलॉनच्या समीकरणात एप्सिलॉन ÷ के हे पद आहे, एडी व्हिस्कॉसिटीत के² ÷ एप्सिलॉन आहे, एसएसटीत ओमेगाने भागणारी पदं आहेत. यांपैकी कुठलाही छेद शून्य झाला की भागाकार अडतो. द्रव खरंच स्थिर असेल, उदाहरणार्थ व्हॉल्व्ह उघडण्याआधीचं पाणी, तरीही लहान पण शून्य नसलेली जोडी द्या. पुढे २ मी/से वेग येणार असेल तर त्याच्या १ टक्क्याला चढउतार धरा: के = १.५ × ०.०२² = ०.०००६. गुणोत्तर १० ठेवलं तर ओमेगा ६०. एवढी ऊर्जा खऱ्या प्रवाहापुढे नगण्य आहे.

लॉगमध्ये "बाउंडिंग के" किंवा "बाउंडिंग एप्सिलॉन" असं सारखं येतं. घाबरायचं का?

सुरुवातीच्या काही दहा आवर्तनांत येऊन थांबलं तर सोडून द्या. किंमत कुठेतरी ऋण झाली आणि सॉल्व्हरने ती वर खेचली एवढाच त्याचा अर्थ. त्याच ओळीतला कमाल आकडा मात्र पाहत राहा. तो दर आवर्तनाला वाढत असेल तर रन फुटायच्या वाटेवर आहे.

मग हा क्रम: के आणि एप्सिलॉनच्या वहन-पदांसाठी पहिल्या दर्जाची अपविंड स्कीम (किंमत प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलमधून घेणारी) लावा. या पदांना "लिनिअर" ठेवलेलं असणं हे सर्वांत नेहमीचं कारण. टर्ब्युलन्सचा रिलॅक्सेशन फॅक्टर (एका आवर्तनात किती बदल स्वीकारायचा तो अंश) ०.५ वर आणा. तरीही थांबत नसेल तर के कुठे ऋण होतं आहे ते पॅराव्ह्यू या उत्तर चित्रात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शोधा. बहुतेक वेळा वाकडी झालेली किंवा चिरडलेली एखाद-दुसरी सेल सापडते, आणि तिथे कुठलीही सुरुवातीची किंमत उपयोगी पडत नाही. मेशच दुरुस्त करावी लागते.

फ्लुएंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या जवळचा इशारा म्हणजे एडी व्हिस्कॉसिटीचं गुणोत्तर १,००,००० वर मर्यादित केल्याचा. सेलची संख्या कमी होत जात असेल तर चालू द्या. कायम राहिली तर एप्सिलॉन फार कमी आहे किंवा उलटा प्रवाह येणाऱ्या आउटलेटवर चुकीची किंमत आहे.

आउटलेटवर तर प्रवाह बाहेर जातो. तिथे किंमत कशाला?

कारण पहिल्या काही आवर्तनांत तो आतही येतो. नुसता शून्य ग्रेडियंट लावला तर आत येणारा द्रव कुठली तरी के सोबत आणतो आणि ती वाढत जाते. "इनलेट-आउटलेट" अट लावा आणि तिच्या "इनलेट व्हॅल्यू"त इनलेटचेच के आणि ओमेगा भरा.

वेगाची सुरुवात चांगली केली तर टर्ब्युलन्सचं काम सोपं होतं का?

बरंच. सगळीकडे शून्य वेग आणि इनलेटला एकदम २० मी/से असं ठेवलं की पहिल्या सेलपाशी वेगाचा उतार राक्षसी होतो. के ची निर्मिती त्या उताराच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती उसळते. आधी पोटेंशियलफोम (व्हिस्कॉसिटी न धरता प्रवाह काढणारा ओपनफोमचा प्रोग्रॅम) चालवा. तो वेग आणि फ्लक्स बसवतो, के-ओमेगाला हात लावत नाही. फ्लुएंटचं हायब्रिड इनिशियलायझेशनही लाप्लास समीकरणावर तेच करतं.

जड केससाठी सर्वांत भरवशाचा रस्ता: जाड मेशवर के-एप्सिलॉन, अपविंड स्कीम, २०० ते ५०० आवर्तनं. मग मॅपफील्ड्सने (एका मेशचं उत्तर दुसरीवर नेणाऱ्या ओपनफोमच्या साधनाने) ते उत्तर बारीक मेशवर टाका. भूमिती आणि कडा त्याच असतील तर "कन्सिस्टंट" पर्याय द्या. वेग, दाब, के, एप्सिलॉन, एडी व्हिस्कॉसिटी सगळं एकत्र न्या. नुसता वेग नेऊन के ठोकळ ठेवलं तर निम्मा फायदा वाया जातो.

के-एप्सिलॉनवरून एसएसटीवर जाताना ओमेगाची फाइल कुठून आणू?

ओमेगा = एप्सिलॉन ÷ (०.०९ × के), प्रत्येक सेलमध्ये. के अगदी लहान असलेल्या सेलमध्ये भागाकार उडतो, म्हणून के ला आधी तळमर्यादा द्या. भिंतीवरच्या ओमेगाची फिकीर नको, वॉल फंक्शन ते बसवतं. बदलल्यावर पहिली ५० आवर्तनं रिलॅक्सेशन कमी ठेवा.

इमारती किंवा पवनचक्क्यांभोवतीच्या वाऱ्यासाठी?

इथे इनलेटला एकच आकडा चालत नाही, उंचीनुसार बदलणारी रेषा लागते. रिचर्ड्स आणि हॉक्सी यांची १९९३ ची मांडणी सर्रास वापरतात: वेग लॉगरिदमिक, के = घर्षण-वेगाचा (जमिनीवरच्या घर्षणावरून काढलेल्या वेगाचा) वर्ग ÷ ०.३ आणि एप्सिलॉन = घर्षण-वेगाचा घन ÷ (०.४१ × उंची), जिथे उंचीत जमिनीचा खडबडीतपणा मिळवायचा. १० मीटर उंचीवर १० मी/से वारा आणि गवताळ जमीन (खडबडीतपणा ०.०३ मी) असेल तर घर्षण-वेग ०.७०५, के १.६६, आणि १० मीटरवर एप्सिलॉन ०.०८५. तीव्रता साडेदहा टक्के पडते. आतल्या सेलमध्येही हीच रेषा भरा, सरासरी नाही. मग रिकाम्या डोमेनमध्ये, इमारत न ठेवता, एक रन करा. आउटलेटला रेषा तशीच राहिली नाही तर जमिनीची वॉल फंक्शन आणि इनलेट एकमेकांशी जुळत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्यासारख्या पठाराच्या कड्यावर पवनचक्की बसवायची तर ही चाचणी आधी सपाट जमिनीवर पास व्हायलाच हवी, मगच खरा भूभाग घाला.

ट्रान्झिशन मॉडेलमध्ये (लॅमिनार प्रवाह टर्ब्युलंट कुठे होतो ते काढणाऱ्या) आणखी काय लागतं?

लँग्ट्री-मेंटर मॉडेलमध्ये इंटरमिटन्सी (प्रवाह किती अंशी टर्ब्युलंट आहे तो आकडा) इनलेटला आणि आत १ ठेवतात, ० नव्हे. भिंतीवर शून्य ग्रेडियंट. दुसरा चल, म्हणजे ट्रान्झिशनचा रेनॉल्ड्स अंक, तीव्रतेवरून निघतो. तीव्रता १.३ टक्के किंवा कमी असेल तर ११७३.५१ − ५८९.४२८ × तीव्रता + ०.२१९६ ÷ तीव्रतेचा वर्ग. इथे मात्र तीव्रता टक्क्यांत घालायची. १ टक्क्याला उत्तर ५८४ येतं. या मॉडेलचं सगळं भवितव्य पंखाच्या टोकापाशी उरलेल्या तीव्रतेवर आहे, त्यामुळे वरचा ऱ्हासाचा हिशेब इथे टाळता येत नाही.

एलईएसची (मोठे भोवरे थेट सोडवणाऱ्या पद्धतीची) सुरुवात वेगळी असते का?

पूर्णपणे. इथे भोवरे प्रत्यक्ष मेशवर दिसायला हवेत, के चा आकडा भरून ते येत नाहीत. आरएएनएसचं, म्हणजे वरच्या मॉडेलांचं, सरासरी उत्तर हा चांगला पाया, पण त्यावर वेगाचे चढउतार बसवावे लागतात.

प्रत्येक सेलला यादृच्छिक आकडा मिळवणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि तो बहुतेकदा फसतो. अशा चढउतारांची तरंगलांबी एका सेलएवढी असते. व्हिस्कॉसिटी आणि दाबाचं समीकरण त्यांना काही टाइमस्टेपमध्ये संपवतात आणि प्रवाह पुन्हा गुळगुळीत होतो. चॅनल प्रवाहात, घर्षण-रेनॉल्ड्स (घर्षण-वेगावर काढलेला रेनॉल्ड्स अंक) १८० च्या नेहमीच्या केसमध्ये, भिंतीलगत प्रवाहाच्या दिशेने लांब पट्टे घाला, ज्यांचं आडवं अंतर साधारण १०० वॉल युनिट (एक युनिट = व्हिस्कॉसिटी ÷ घर्षण-वेग) असेल, आणि त्यांना थोडं नागमोडी करा. हीच रचना खऱ्या टर्ब्युलन्समध्ये भिंतीजवळ असते, म्हणून ती मोडून खरे भोवरे तयार होतात. इनलेट असलेल्या केसमध्ये सिंथेटिक एडी पद्धत (इनलेटवर बनावट भोवरे सोडणारी) वापरा. तिलाही बनावट भोवऱ्यांचा ठसा पुसायला काही अंतर लागतं, तेवढं मोकळं ठेवा.

सरासरी काढायला लगेच सुरुवात करू नका. भिंतीवरच्या शिअरचा (घर्षणाच्या ताणाचा) आलेख काढा. तो आधी खाली जातो, मग उसळतो, मग एका पातळीभोवती डोलत राहतो. ते डोलणं सुरू झाल्यावर आणखी काही फ्लो-थ्रू वेळ (प्रवाहाला डोमेन एकदा ओलांडायला लागणारा वेळ) जाऊ द्या आणि मग सरासरीची खिडकी उघडा. शिअर खाली जाऊन तिथेच सपाट राहिला तर प्रवाह लॅमिनार झाला आहे. तो आपोआप परतणार नाही, पट्ट्यांमधले वेगाचे चढउतार वाढवून पुन्हा सुरू करावं लागेल.